गुरांचा लिव्हर फ्लूक: या चुका टाळा

पाऊस ओसरला की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्यातून एकच तक्रार येऊ लागते. जनावर खातं पण अंगाला लागत नाही, दूध आटलंय, जबड्याखाली मऊ पिशवी लोंबतेय. त्यापाठोपाठ हमखास ऐकू येतं, "जंताचं इंजेक्शन दिलंय की!"

कोणतं इंजेक्शन? बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन. ते गोल जंतांवर आणि काही बाह्य परजीवींवर चालतं. यकृतात शिरणाऱ्या चपट्या, पानासारख्या कृमीवर, म्हणजे लिव्हर फ्लूकवर, त्याचा काही उपयोग नाही. दुकानातून "जंताचं औषध द्या" म्हणून आणलेली बाटली घरी नेण्याआधी तिच्यावरचं नाव तरी वाचा.

वाळपईकडच्या एका गोठ्यातली म्हैस आठवते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी जबड्याखाली सूज यायची, रात्री बसून राहिल्यावर सकाळी ती उतरलेली असायची. मालकाला वाटायचं, संध्याकाळचं औषध लागू पडतंय. अशात आयव्हरमेक्टिनचे डोस झाले, हळदीचे लेप झाले. शेणाची तपासणीही 'निल' आली, कारण ती मिठाच्या द्रावणात अंडी तरंगवून केली होती. फ्लूकची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. गाळ बसवून पाहिल्यावर पिवळसर अंडी ढिगाने सापडली. तोवर खालच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली होती, म्हणजे रक्त किती कमी झालं होतं बघा. मी सूज बघायच्या आधी पापणी उलटून बघतो. तुम्हीही ती सवय लावून घ्या.

ऑक्सिक्लोझानाइड या फ्लूकवरच्या औषधाने ती म्हैस सावरली. पण मालकाने तिला पुन्हा वायंगणाच्या (पावसानंतरच्या भातशेतीच्या) त्याच दलदलीत सोडलं आणि पुढच्या पावसाआधी पुन्हा तेच सगळं. मला सर्वांत जास्त खटकते ती ही चूक: औषध दिलं म्हणजे काम संपलं असं धरून चालणं. शेणातल्या अंड्यातून निघालेली अळी लिम्निया जातीच्या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, बाहेर पडून गवताला आणि भाताच्या बुडख्याला चिकटते, तिथून जनावराच्या पोटात जाते. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) खाऱ्या पाण्यात ही गोगलगाय तग धरत नाही. झऱ्याचं, कालव्याचं संथ गोडं पाणी हीच तिची जागा. तो कोपरा कुंपण घालून बंद करा, पाणी डोणीत द्या. बदकं गोगलगायी खातात, पाळता आली तर पाळा. गोगलगायी मारायला मोरचूद ओतू नका, मासे मरतात.

अधीर लोकांना एकाच डोसात सुटका हवी असते. ऑक्सिक्लोझानाइड पित्तनलिकेतले मोठे कृमी मारतं, यकृत पोखरत फिरणारी पिल्लं वाचतात. म्हणून मी भात कापणीनंतर एक डोस देतो, दोन-तीन महिन्यांनी दुसरा, आणि ओल्या जमिनीवर चरणाऱ्यांना पावसाआधी आणखी एक. ट्रायक्लाबेंडाझोल लहान-मोठे दोन्ही मारतं, पण दुधात उतरतं. दुभत्या जनावराला पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

डोससाठी वजन नजरेने ठरवू नका, छातीचा घेर टेपने मोजा. गाभणीच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको. ओला पेंढा घालू नका, चांगला वाळवा, आणि पाण्यात बुडालेला बुडखा कापून टाका. ताजं शेण थेट शेतात टाकू नका, खड्ड्यात कुजवा. तिथल्या उष्णतेने अंडी मरतात.

आता माणसांचं. आजारी गाईच्या दुधातून किंवा तिला हात लावल्याने हा रोग होत नाही. गुरं चरतात त्या पाण्यातली पाणभाजी, काठावरची ब्राह्मी कच्ची खाल्ली, ते पाणी न उकळता प्यायलं, तर होऊ शकतो. नुसतं धुऊन किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून भागत नाही. शिजवा. आपल्याकडे माणसांत हा रोग क्वचितच आढळतो, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो लगेच येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, तरी विष्ठेत अंडी नसतात. तेव्हा अँटिबॉडीची रक्ततपासणी उपयोगी पडते. प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध या कृमीवर चालत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल चालतं, तेही डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेलं. गोठ्यातली बाटली माणसासाठी नाही. दवाखान्यात गेलात की कच्ची पाणभाजी खाल्ली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.