कंपनीसोबत रिसर्च ॲग्रीमेंट करताय? आकड्याच्या आधी क्लॉज वाचा

कंपनीचा मेल येतो, सर तुमच्या लॅबसोबत काम करायचंय, आणि आपण हरखून जातो. मग त्यांच्या लीगलकडून बावीस पानांचा ड्राफ्ट येतो, आपण बजेटचं पान शोधून आकडा बघतो, बाकीचं भराभर स्क्रोल करतो आणि रजिस्ट्रार ऑफिसला फॉरवर्ड. मी पहिल्या प्रोजेक्टला अगदी हेच केलं. पब्लिकेशनच्या क्लॉजमध्ये "स्पॉन्सरच्या लेखी परवानगीशिवाय" असं होतं, आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी थिसिस टाकायला निघाली तेव्हा कंपनी म्हणे थांबा, आमचं अजून ठरलं नाहीये. सात महिने बसून राहिली बिचारी. भांडणार तरी कुठल्या तोंडाने, खाली सही माझीच होती.

म्हणून पहिली गोष्ट, ड्राफ्टमध्ये "परवानगी" शब्द सर्च करा आणि जिथे पेपर किंवा थिसिसचा विषय आहे तिथे तो काढून "कळवणे" घाला. म्हणजे पेपर पाठवायच्या 30 दिवस आधी आम्ही ड्राफ्ट दाखवू, तुमची गोपनीय माहिती त्यात असेल तर ती काढू, पेटंट फाईल करायचं असेल तर अजून 60 दिवस थांबू, पण मुदत संपल्यावर उत्तर नाही आलं तर ती हरकत नाही असं धरायचं. पेटंटसाठी थांबणं रास्त आहे हो, आधी छापून मोकळे झालात तर नंतर पेटंट मिळणं अवघडच. थिसिसची ओळ मात्र वेगळी लिहून घ्या, परीक्षकांकडून एनडीए (माहिती गुप्त ठेवायचा करार) घेता येतो, व्हायवा बंद दाराआड करता येतो, पण सबमिशन अडणार नाही हे स्पष्ट हवं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसमधल्या बेटी डाँग यांनी सिंथ्रॉइड हे थायरॉइडचं औषध आणि इतर स्वस्त औषधं यांची तुलना केली, पैसे सिंथ्रॉइडवाल्या कंपनीचे, रिझल्ट आला की सगळी सारखीच. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये हाच परवानगीचा क्लॉज. 1995 मध्ये छापायला तयार असलेला पेपर मागे घ्यावा लागला, तो आला 1997 ला.

आता आयपी, म्हणजे रिसर्चमधून जे निघेल त्याची मालकी. इथे "जॉइंट ओनरशिप, फिफ्टी-फिफ्टी" ऐकायला लय भारी वाटतं. पेटंट ॲक्ट 1970 चं कलम 50 बघा, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर दोन्ही मालक पेटंट स्वतःपुरतं वापरू शकतात, दुसऱ्याला हिशोब द्यायचा नाही, पण लायसन्स द्यायचं तर दुसऱ्याची संमती पाहिजे. कंपनीकडे फॅक्टरी आहे, ती माल बनवून विकेल. युनिव्हर्सिटी काय बनवणार? आपल्याला पैसे मिळणार फक्त लायसन्समधून आणि त्याची किल्ली कंपनीच्या खिशात. त्यापेक्षा मालकी आपली ठेवा आणि कंपनीला सहा महिने लायसन्सचा पहिला हक्क द्या. मालकी पूर्ण त्यांनाच हवी असेल तर देऊ, पण मग किंमतही तशी लावा आणि शिकवायला, पुढच्या रिसर्चला वापरायचा हक्क आपल्याकडे ठेवा. लॅबमध्ये आधीपासून जे आहे (जुना प्रोसेस, कोड, स्ट्रेन) त्याची यादी ॲनेक्शरमध्ये टाकाच, नाहीतर दोन वर्षांनी तेही प्रोजेक्टमधूनच निघालं असं ऐकायला मिळेल.

पैशाचं थोडक्यात. हप्ते रिपोर्ट दिल्यावर, रिझल्ट चांगला आल्यावर नाही. पहिला हप्ता ॲडव्हान्स. कंपनीने मधेच प्रोजेक्ट बंद केला तरी मुलांची फेलोशिप ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यांनी द्यायची, हे लिहून घ्या. ओव्हरहेड (संस्था बजेटवर लावते तो खर्चाचा वाटा) कमी करा म्हणतील, ते तुमच्या हातात नाही असं सांगा (खरंच नसतं). ऑक्टोबर 2024 पासून ग्रँटवरच्या रिसर्चला काही ठरावीक संस्थांसाठी जीएसटी माफ आहे, पण तुमचं काम त्यात बसतं का ते फायनान्स ऑफिसरकडून आधीच कन्फर्म करा आणि रकमेपुढे "लागू असल्यास जीएसटी वेगळा" लिहा, नाहीतर 18 टक्के तुमच्या केमिकल्सच्या बजेटमधून जातील.

बोलताना भीड ठेवू नका, भीड भिकेची बहीण. कंपनीच्या सायंटिस्टशी क्लॉजवर वाद घालू नका, त्याला बिचाऱ्याला काम सुरू व्हायचं असतं, तो सगळ्याला हो म्हणेल आणि लीगल नंतर नाही म्हणेल. ट्रॅक चेंजेसवर महिनाभर मेल-मेल खेळण्यापेक्षा लीगलसोबत अर्धा तास कॉल लावा आणि विचारा, या क्लॉजमधून तुम्हाला नेमकी कशाची भीती आहे? मागच्या वेळी कंपनीच्या लीगलच्या मॅडम म्हणाल्या, भीती कशाची नाही सर, हा आमचा व्हेंडरचा फॉरमॅट आहे, तोच पाठवतो सगळ्यांना. दहा मिनिटांत परवानगीचा क्लॉज गेला.

आणि सही झाल्यावर एक कॉपी प्रोजेक्टवरच्या मुलांना द्या, त्यांच्यासोबत बसून पब्लिकेशनचं पान वाचा. माझ्या त्या विद्यार्थिनीने ॲग्रीमेंट पहिल्यांदा पाहिलं ते थिसिस अडकल्यावर.