उभ्या गाडीचं ऑइल: पावसाच्या आधी उरकायची तयारी

आमच्या अण्णांची गाडी साताऱ्यात गोडोलीतून निघते ती राजवाड्यापर्यंत, फार तर मंडईत. वर्षाचं रनिंग दीड हजाराच्या आत. ऑइल बदलायचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "अजून दहा हजार कुठं झालेत?" त्यामुळे दर मे महिन्यात आधी हा वाद आणि मग ही तयारी, दोन्ही माझ्याकडे. तुमच्याही दारात अशी उभी गाडी असेल, तर मी करतो त्या क्रमाने सांगतो.

आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढा. बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असं लिहिलेलं असतं आणि पुढे 'यांपैकी जे आधी होईल ते'. अण्णांसारखी माणसं हा शेवटचा तुकडा वाचतच नाहीत. आपल्या गाडीला किलोमीटर लागू नाहीत, कॅलेंडर लागू आहे. त्याच पानावर आसपास 'खडतर वापर' अशा अर्थाचं एक कलम सापडेल. खडतर म्हणजे घाट आणि धूळ असं आपल्याला वाटतं, पण इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्याही बऱ्याच मॅन्युअलमध्ये त्यातच धरलेल्या असतात. अशा वापराला मुदत आणखी कमी दिली असेल तर तीच पाळायची.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थंड इंजिनात त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही. इंजिन चांगलं तापलं की ते उडून जातं. राजवाड्यापर्यंतच्या फेरीत तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पाणी साठत राहतं, आम्ल तयार होतं आणि ते निष्प्रभ करायला ऑइलमध्ये घातलेली रसायनं बसल्या जागी संपत जातात. महागातलं सिंथेटिक घातलं म्हणून यातून सुटका नाही. रोज सकाळी सेल्फ मारून पाच मिनिटं गाडी नुसती घुरघुरत ठेवायची सवय तर सोडूनच द्या, त्याने पाण्यात भरच पडते.

बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून बघा. गेल्या वर्षी आमच्या झाकणाला आतून फिकट पिवळा, ताकावरच्या लोण्यासारखा थर होता, बोटाने निघाला. तेच साठलेलं पाणी. नुसतं झाकणाला असेल तर घाबरायचं कारण नाही. पण ऑइल मोजायच्या गेजच्या पट्टीवरही दुधाळ ऑइल आलं किंवा कूलंट कमी झालेलं दिसलं, तर ऑइल बदलायच्या आधी मेकॅनिकला दाखवा, हेड गॅस्केटची शंका घ्यावी लागते, म्हणजे इंजिनातलं सील फाटून कूलंट ऑइलमध्ये येत असेल.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्यायचं, ०डब्ल्यू-२० सारखं पातळ असेल तरी तेच. "आपल्याकडं उन्हाळा असतो, जाड घाला" हा सल्ला दुकानात फुकट मिळतो, तो तिथेच ठेवून यायचा. डब्याचं सील आणि तारीख बघा, बिल घ्या. सोबत ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटचा नवा वायसर. जुना फिल्टर ठेवला तर त्यातलं जळकं ऑइल नव्यात मिसळणारच.

लिटर किती, हे मात्र कागदावर लिहून न्या. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला. एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीत अख्खा डबा ओतला, "उरलेलं घेऊन काय करणार?" म्हणत. पट्टीवर वरच्या खुणेच्या बोटभर वर. जास्त झालेलं ऑइल इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. परत जाऊन काढायला लावलं, तेव्हा चेहरे बघण्यासारखे होते. तेव्हापासून रिकामा डबा फोडून टाकायला मी समोर उभा असतो. साबुत डबा पुन्हा कशाने भरला जाईल सांगता येत नाही.

गॅरेजला जायच्या आधी गाडी वीस मिनिटं चालवा, गरम ऑइल घाणीसकट निथळतं. भरून झाल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर पट्टी बघायची. आमच्या गल्लीला उतार आहे, तिथे बघितलं की दरवेळी वेगळंच दिसतं. जळकं ऑइल गॅरेजवाल्याकडेच द्या, गटारात नको.

हे सगळं मेअखेर, कारण साताऱ्याचा पाऊस लागला की गाडी चार महिने जवळपास उभीच, आणि तेवढे दिवस आम्लाळलेलं ऑइल बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. त्याच फेरीत बॅटरी तपासून घ्या, टायरची हवा बघा, ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला. बॉनेटखाली उंदरांची लेंडी दिसली तर वायरी बघा.

मग ऑइल नीट तापावं म्हणून महिन्यातून एकदा हायवेने नागठाण्यापर्यंत जाऊन यायचं, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. अण्णा कुरकुर करत बसतात, पण येताना चहाला थांबायचं तेच सांगतात.

तारीख आणि किलोमीटर त्यांच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर. गेल्या मेमध्ये ३०,०६०. यंदा ३१,४१२, त्यातले पाचशेच्या आसपास नागठाण्याचे.