तीस मुलं, एक वाट, वर्षातून तीनदा: शाळेला बोरिवलीच्या जंगलात न्यायचं तर

पहिल्यांदा मी शाळेची मुलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेली तेव्हा मुलं एकशेदहा होती आणि आम्ही शिक्षक चार. वनराणी या छोट्या आगगाडीत बसून झालं, माकडांपुढे वेफर्स नाचवून झाले, डबे खाल्ले, परत आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय काय पाहिलं? सगळ्या वर्गाकडून एकच उत्तर आलं: माकड. ते मला फार लागलं. तेव्हापासून विज्ञान शिकवताना तीसपेक्षा मोठा गट मी कधी नेला नाही, आणि नेला तो गट वर्षातून तीनदा त्याच वाटेवर नेला. तुम्हालाही हेच करा म्हणेन.

तारखा जूनमध्येच ठरवून टाका. पहिली फेरी ऑगस्टमध्ये, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी फेब्रुवारीच्या शेवटी काटेसावर फुललेली असते तेव्हा. सोमवारी उद्यान बंद असतं. पावसाचा जोर असेल त्या दिवशी ओढ्याकाठची वाट सोडून द्या, मुलं कितीही हिरमुसली तरी.

मग पत्र. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं, उद्यानाच्या संचालकांच्या नावे, निदान तीन आठवडे आधी. ‘विद्यार्थ्यांमध्ये निसर्गाविषयी जाणीव निर्माण व्हावी’ अशी मोघम वाक्यं नकोत. इयत्ता, मुलामुलींची संख्या, सोबतच्या मोठ्या माणसांची नावं आणि मोबाईल, दिवस, वेळ, कुठली वाट, आणि तुम्हाला उद्यानाकडून काय हवंय, हे सगळं एका पानात मावलं पाहिजे. शिलोंड्याच्या वाटेवर परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जायचं नाही, म्हणून तो उल्लेख पत्रात हवाच. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. फोनवर तो क्रमांक सांगितला की पत्र चटकन सापडतं. निसर्ग माहिती केंद्रातही स्वतः जाऊन या. वाट दाखवणाऱ्या माणसाशी आधी दहा मिनिटं बोललात तर त्या दिवशी तो तुमच्या मुलांना ओळखीच्या माणसासारखा भेटतो.

कान्हेरीला जाणार असाल तर तिथलं तिकीट वेगळं, कारण लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. मी मुलांना तिथं मूर्तींआधी पाण्याच्या पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली टाकी, दाखवते. डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी त्यांत कसं उतरायचं, ते मुलं बोटानं माग काढत शोधतात. मग विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांची गोष्ट सांगायला तयारी लागत नाही. दोन्ही याच जंगलाच्या पाणलोटावर भरतात आणि अजून मुंबईला पाणी देतात.

जाण्याआधी वर्गात एक पूर्ण तास बिबट्याला द्या. हा भाग टाळू नका. पालकांच्या मनातली भीती इथंच असते आणि ती खरी आहे. २००४च्या सुमारास उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली होती. सुनील लिमये संचालक असताना, २०११ साली, वनविभागानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे उद्यानाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) हा उपक्रम सुरू केला. संशोधक, पत्रकार, कॉलेजची मुलं, उद्यानाशेजारचे रहिवासी असे सगळे त्यात एकत्र आले. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की नव्या ठिकाणी त्रास वाढतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून तोवर पुढं आलं होतं. मी फळ्यावर तीनच शब्द लिहिते: कचरा, कुत्री, बिबट्या. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. मुलांना म्हणते, आपल्या इमारतीचा कचरा रात्री कुठं पडलेला असतो ते बघून या. एका मुलीनं सलग चार रात्री बाल्कनीतून उकिरड्यावरची कुत्री मोजली आणि तो कागद सोसायटीच्या सूचनाफलकावर लावून घेतला. तिथं झाकणाचे डबे आले. माझ्या सगळ्या तासांत मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो तो या कागदाचा.

आता प्रत्यक्ष फेरी. सकाळी साडेसातला मुख्य दरवाजाशी. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. एकानं सगळ्यात मागंच राहायचं. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बूट, पाण्याची बाटली, डबा, वही, पेन्सिल. वेफर्सचं पाकीट आणि मोबाईल घरी. दगडाखाली, पाचोळ्यात हात घालायचा नाही, तिथं फुरसं असू शकतं. माकडं आली की पिशव्या पोटाशी, नजर खाली, चालत राहायचं.

एक किलोमीटर पुरे. जिथं मुलं थांबतील तिथं तुम्हीही थांबा. नोव्हेंबरमधली एक सकाळ सांगते. वाटेवर दोन झाडांच्या मध्ये मोठं जाळं होतं, ऊन पडलं की त्याचे धागे सोनेरी दिसायचे. मधोमध पंजाएवढी कोळीण. पोरं आधी मागं सरकली. सोबतच्या वनरक्षक दादांनी फक्त एवढंच विचारलं, “हिचा नवरा कुठाय?” पंधरा मिनिटं तीस मुलं चिडीचूप शोधत होती. जाळ्याच्या कडेला तांबूस, भाताच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा नर एका मुलाला दिसला, तेव्हा त्याला ओरडताही येईना, तो नुसता माझी बाही ओढत राहिला. अशा वेळी शिक्षकानं मध्ये बोलू नये, नावही लगेच सांगू नये.

कारवीच्या पानावरून हात फिरवायला सांगा, खरखरीत लागतं. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. इथं २०१६ला फुलली, २०२४ला फुलली, आता २०३२. मुलं लगेच हिशेब मांडतात, तेव्हा आपण कितवीत असू. उद्यानात वारली पाडे आहेत. पाड्यावरच्या एखाद्या मावशी सोबत आल्या तर कारवीच्या कुडाच्या भिंती, वाघोबा, दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. त्यांना वेळेचे पैसे द्यायचे, पाहुणचार म्हणून फुकट बोलवायचं नाही. पाड्यात शिरून घरांचे फोटो काढू नयेत.

श्रमदान तिसऱ्या फेरीला ठेवा, आधी नको. वाट ओळखीची झाली की मुलं तिथला कचरा आपला म्हणून उचलतात. काय करायचं ते वनरक्षकांना विचारा. आपल्या मनानं रोपं लावू नका, गुलमोहर तर मुळीच नाही. घाणेरी उपटायची असेल तरी कुठली आणि कुठवर, ते त्यांनीच दाखवावं. आम्ही दीड तास कान्हेरीच्या रस्त्याकडेचं प्लॅस्टिक गोळा करतो. जाड हातमोजे, चिमटे, काचेसाठी वेगळी बादली. शेवटी पाकिटं, बाटल्या, झाकणं वेगळी मोजून आकडे वहीत लिहायचे. दोनचार पालक सोबत असले तर उत्तम. पुढच्या वर्षीचे स्वयंसेवक त्यांतूनच मिळतात.

आणि फेरीनंतर आठ दिवसांत दुसरं पत्र. बहुतेक शाळा हे लिहीत नाहीत आणि उद्यानाशी नातं तिथंच तुटतं. कोण सोबत होतं त्याचं नाव, मुलांनी काय पाहिलं त्याची यादी, कचऱ्याचे आकडे, वाटेवर तुटलेली पायरी किंवा पडलेली पाटी दिसली असेल तर ती नेमकी कुठं. सोबत मुलांची दोन चित्रं. एका वर्षी कोळ्याच्या नराचं चित्र पाठवलं होतं, अख्ख्या पानावर एक ठिपका आणि आठ पाय. खाली, त्याच पत्रात, पुढच्या फेरीची तारीख लिहा.