‘बरं वाटतंय’ की ‘बरा झालो’? औषधपाण्याचे शब्द नेमके कसे वापरावेत

दुखणं जरा कमी झालं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: ‘आता बरं आहे.’ पण मराठीत बरं होण्याच्या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. औषधाचा पहिला फरक जाणवला की ‘गुण आला’. दुखण्याचा जोर ओसरू लागला की ‘उतार पडला’. त्रास शमला, पण आजार अजून आहे, तेव्हा ‘आराम पडला’. माणूस अंथरुणातून हिंडू-फिरू लागला की ‘आजारातून उठला’, आणि आजार पुरता गेला की मगच ‘बरा झाला’.

‘बरं वाटणं’ ही रोग्याची जाणीव आहे, ‘बरं होणं’ ही शरीराची अवस्था. हा फरक जिवाशी येऊ शकतो. क्षयावरचे उपचार साधारण ६ महिने चालतात. ताप-खोकला मात्र त्याच्या कितीतरी आधी कमी होतो. तेवढ्यावर ‘बरा झालो’ म्हणून गोळ्या सोडल्या की दुखणं उलटतं, आणि उलटलेला क्षय आधीच्या औषधांना दाद देईलच असं नाही. म्हणून घरच्यांना सांगतानाही ‘गुण आहे, औषध चालू आहे’ असंच म्हणावं.

प्रत्येक तक्रारीचं जाणंही वेगळं. ताप उतरतो, सूज ओसरते, ठणका थांबतो, हाड जुळतं. जखमेचा क्रम तर पाहण्यासारखा आहे: रक्त साकळतं, खपली धरते, जखम भरून येते, वण राहतो. ‘जखम सुकली’ म्हणजे वरून कोरडी झाली, एवढंच. आत पू असेल तर सुकलेली जखमही चिघळते, त्यामुळे ‘सुकली’ आणि ‘भरली’ यांत गल्लत नको.

दोन क्रियापदं फसवी आहेत. ‘दुखायचं राहिलं’ म्हणजे दुखणं थांबलं. पण ‘थोडं दुखणं राहिलंय’ म्हणजे शिल्लक आहे. घाईत नुसतं ‘राहिलं’ म्हटलं तर ऐकणारा उलटा अर्थ घेईल. तिथे सरळ ‘थांबलं’ किंवा ‘अजून आहे’ म्हणावं. तसंच ‘कफ सुटला’ याचा अर्थ कफ गेला असा नाही. तो पातळ होऊन बाहेर पडू लागला, असा आहे.

आता ‘वर’. हा एवढासा शब्द तीन कामं करतो. ‘खोकल्यावर औषध’ म्हणजे खोकला घालवणारं, ‘रोग्यावर उपचार’ म्हणजे ते ज्याच्यावर करायचे तो, आणि ‘जेवणावर गोळी’ म्हणजे जेवण झाल्या झाल्या. शेवटचा अर्थ सगळ्यांना माहीत असतोच असं नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘जेवल्यानंतर लगेच’ लिहावं. काही न खाता घ्यायचं असेल तर ‘अनशापोटी’ किंवा ‘उपाशीपोटी’.

मात्रा सांगताना ‘चमचाभर’ टाळा. औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरतात. घरातले चमचे लहानमोठे असतात आणि बाळाच्या औषधात तेवढा फरकही फार होतो. बाटलीबरोबर आलेलं माप वापरा आणि आकडा मिलिलिटरमध्येच सांगा. ‘दिवसातून तीनदा’ यापेक्षा ‘दर ८ तासांनी’ अधिक स्पष्ट; डॉक्टरांना यांतलं नेमकं काय अपेक्षित आहे ते विचारून घ्या.

‘काढा’ हा शब्दही सैल झाला आहे. काढा आटवावा लागतो. जुन्या मापाने १ भाग भरड औषधीला १६ भाग पाणी घेऊन मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवतात, म्हणजे १६ वाट्यांच्या २ वाट्या. भांड्यावर झाकण ठेवलं तर वाफ परत पाणी होऊन खाली पडते आणि काढा आटत नाही. गरम पाण्यात भिजवून गाळला तो फांट, थंड पाण्यात रात्रभर ठेवून गाळला तो हिम.

बाहेरून करायच्या उपायांत क्रियापद हीच सूचना असते. लेप लावतात, तेल चोळतात, फडक्याने शेकतात, वाफारा घेतात. ‘मलम लावा’ असं सांगितलेलं असताना ते चोळलं तर दुखऱ्या कातडीला इजा होते.

उपाय, उपचार आणि इलाज एकमेकांच्या जागी येतात, पण सगळीकडे नाही. ‘उपाय’ कुठल्याही अडचणीवर, ‘उपचार’ रोग्यावर, आणि तेही बहुधा अनेकवचनात: ‘उपचार केले’. ‘इलाज’ नकारात जास्त जोरकस वाटतो: ‘इलाज चालला नाही’, ‘नाइलाज झाला’. ‘उतारा’ विषावर असतो; ‘तापाला उतारा पडला’ हे चूक, तिथे ‘उतार’. ‘निदान’ म्हणजे आजार ओळखणं, त्यात बरं करणं येत नाही.

डॉक्टरांपुढे बोलताना हे शब्द क्रमाने जोडा: ‘मंगळवारपासून ताप. गोळी घेतली की उतरतो, ५-६ तासांनी पुन्हा चढतो. घशाची सूज ओसरली, खोकला आहे. पहिली गोळी बाधली, अंगावर पुरळ आलं.’ यातलं ‘बाधली’ गाळू नका. ‘गुण आला नाही’ आणि ‘बाधली’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत: गुण नसेल तर डॉक्टर मात्रा वाढवण्याचाही विचार करतील, बाधली असेल तर ते औषधच बंद करावं लागेल.