आरएसव्ही आणि एनके-वन रिसेप्टर : व्हायरसची कुपी उघडण्याआधी

जिओव्हानी पिएदिमोन्ते यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं की आरएसव्हीची (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, श्वसनमार्गाचा एक व्हायरस) लागण झालेल्या रॅट्सच्या फुफ्फुसात सबस्टन्स पी या न्यूरोपेप्टाइडचा (मज्जातंतूंतून सुटणाऱ्या छोट्या प्रथिनाचा) रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारं पेशीवरचं प्रथिन एनके-वन, वाढतो. हाच प्रश्न माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींवर तपासायचा, तर व्हायरस वाढवणं त्यातलं सोपं काम. खरी कसोटी रिसेप्टर मोजताना लागते, म्हणून तयारीचा बराचसा वेळ तिकडे ठेवा.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी, बीएसएल-टू (जैवसुरक्षा पातळी दोनची) खोली, क्लास टू सुरक्षा कॅबिनेटची चालू वर्षाची तपासणी आणि टाकाऊ द्रवासाठी ताजं 1 टक्का हायपोक्लोराइट, एवढं हातात असल्याशिवाय पेशीही वितळवू नका. मग कॅलेंडर घ्या. लागणीनंतरचे 24, 48 आणि 72 तास ठरलेले असतात, ते पुढे ढकलता येत नाहीत. परळ-लालबागमध्ये प्रयोगशाळा असेल तर अनंत चतुर्दशीच्या आसपास ना कुरिअर आत येतो ना ड्राय आइस. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की प्लेट वाचायला येणारा माणूस लोकलमध्येच अडकलेला असतो. जवळ राहणाऱ्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात इनक्यूबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर बुरशी धरते.

व्हायरससाठी हेप-टू पेशी (मुळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या हेला पेशीच, पण आरएसव्हीला चालतात) 70 ते 80 टक्के भरलेल्या हव्यात आणि मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची) पीसीआर निगेटिव्ह हवी. एमओआय (एका पेशीमागे किती व्हायरस) 0.1 च्या आसपास ठेवा. जास्त व्हायरस घालून पुन्हा पुन्हा पॅसेज केले (नव्या पेशींवर वाढवले) की सदोष कण साठतात आणि टायटर, म्हणजे जिवंत व्हायरसचं प्रमाण, घसरतो. मोठमोठी सिन्सिशिया (एकमेकींत मिसळलेल्या पेशी) दिसली, पण थर अजून सुटलेला नाही, अशा वेळी पेशी खरवडून घ्या, कारण बराचसा व्हायरस पेशींनाच चिकटून असतो. 4 अंशांवर सेंट्रिफ्यूज करून गाळ टाकून द्या, वरच्या द्रवात सुक्रोज मिसळा, लहान भाग करून झटकन गोठवा. एकदा वितळलेली कुपी परत गोठवायची नाही. आरएसव्ही फार नाजूक, टायटर तेवढ्यानेच पडतो.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. या स्टॉकमध्ये हेप-टू पेशींनी सोडलेली सायटोकाइन्सही (पेशींमधली संदेश देणारी प्रथिनं) असतात आणि रिसेप्टरचं प्रमाण त्यांच्यामुळेही बदलू शकतं. म्हणून लागण न केलेल्या हेप-टूचाही तसाच, त्याच पायऱ्यांनी अर्क बनवा, शिवाय थोडा स्टॉक यूव्हीने निष्क्रिय करून ठेवा. नुसतं माध्यम घातलेल्या विहिरींना कंट्रोल म्हणणं पुरेसं नाही.

आता रिसेप्टर. ए-549 सारख्या माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत टीएसीआर-वनचा (एनके-वनच्या जनुकाचा) आरएनए फार थोडा असतो, पीसीआरमधली सीटी (संकेत दिसू लागतो ते चक्र) बरीच उशिरा येते. तेव्हा प्रायमर एक्झॉनच्या सांध्यावर घ्या आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवायची नळी प्रत्येक नमुन्याला लावा. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हा रिसेप्टर असलेल्या यू-373 पेशी मागवून ठेवा. पूर्ण रिसेप्टर 407 अमिनो आम्लांचा, आखूड रूप 311 चं. अँटिबॉडी सी-टोकावरची असेल तर आखूड रूप दिसतच नाही, म्हणून ती कुठल्या भागावर बसते हे विकत घेण्याआधी विचारा. वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्यासाठी) नमुने उकळू नका, असे रिसेप्टर गठ्ठा होऊन जेलमधल्या खाचेच्या तोंडाशीच अडकतात. 37 अंशांवर अर्धा तास पुरे.

सबस्टन्स पी अकराच अमिनो आम्लांचं, पण शेवटचं मेथिओनिन ऑक्सिडाइज होतं. मुंबईच्या दमट हवेत कुपी फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडली तर पावडरवर पाणी धरतं; खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा. पातळ द्रावण साध्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून लो-बाइंड नळ्या आणि 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). पेशींवरचं नेप्रिलायसिन हे एन्झाइम पेप्टाइड तोडतं, त्याला रोखणारं थिओर्फान जवळ असू द्या.

सबस्टन्स पी रिसेप्टरला लागलं की पेशीत कॅल्शियम वाढतं; ते मोजताना एका विहिरीला एकच डोस द्या. रिसेप्टर काही मिनिटांत आत ओढला जातो आणि दुसरा डोस खोटा कमी दिसतो. लागण झालेल्या पेशी कॅल्शियम दाखवणारा रंग वेगळ्या प्रमाणात घेतात, त्यामुळे शेजारच्या विहिरींत एटीपी (दुसऱ्या रिसेप्टरमार्फत कॅल्शियम वाढवणारं) देऊन दोन्ही गटांचा प्रतिसाद ताडून पाहा. अँटॅगोनिस्ट (रिसेप्टर अडवणारं रसायन) निवडताना प्रजाती बघा : सीपी-96345 माणसाच्या रिसेप्टरला घट्ट धरतं, रॅटच्या रिसेप्टरला मात्र फारच सैल.