अमेरिकेची राज्यघटना आणि तिच्यामागचे विचारवंत: वाचन कुठून सुरू करावं

राज्यशास्त्राचे नवे विद्यार्थी बहुधा एक तक्ता करून मोकळे होतात: लॉक म्हणजे नैसर्गिक हक्क, माँतेस्क्यू म्हणजे सत्ताविभाजन. त्यावर गुण मिळतीलही, पण 1787 साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार होताना काय घडलं ते कळत नाही. तिथे जमलेले 55 प्रतिनिधी जुन्या ग्रंथांशी वाद घालत होते, आणि खरी गंमत त्या वादातच आहे.

सुरुवात विचारवंतांपासून नको, अडचणीपासून करा. 1781 साली लागू झालेले 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन', म्हणजे अमेरिकेची आधीची राज्यघटना, आधी वाचा. मजकूर छोटा आहे. 13 राज्यांना प्रत्येकी एक मत, केंद्राला स्वतः कर बसवता येत नाही, दुरुस्तीला सगळ्या राज्यांची संमती हवी. मग नव्या घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन याची प्राचीन-अर्वाचीन राज्यसंघांवरची (अनेक राज्यांनी मिळून केलेल्या संघांवरची) टिपणं बघा. बहुतेक संघांची माहिती दिल्यावर त्याने त्या रचनेतले दोष वेगळे काढले आहेत.

माँतेस्क्यूच्या 1748च्या 'स्पिरिट ऑफ लॉज'चे 31 भाग आहेत. सगळे वाचायला गेलात तर अडकाल. आठव्या भागातलं 16वं प्रकरण, नवव्यातलं पहिलं आणि अकराव्यातलं सहावं, एवढी तीन आधी पुरेत. आठव्यात तो म्हणतो, प्रजासत्ताक छोट्या प्रदेशातच टिकतं. 'ब्रूटस' या टोपणनावाने लिहिणाऱ्या नव्या घटनेच्या विरोधकाने ऑक्टोबर 1787मध्ये नेमका हाच आधार घेतला. नव्या घटनेचा समर्थक हॅमिल्टन याने 'फेडरलिस्ट' या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेच्या 9व्या लेखात उत्तर दिलं: त्या मापाने व्हर्जिनिया, न्यूयॉर्कसारखी राज्येही आधीच फार मोठी आहेत, आणि नवव्या भागात तोच माँतेस्क्यू छोट्या प्रजासत्ताकांच्या संघाची बाजू घेतो. 10व्या लेखात मॅडिसनने तर मुद्दाच उलटवला. देश मोठा असला की हितसंबंधी गट वाढतात आणि एकाच गटाचं बहुमत जमणं अवघड होतं. मोठ्या देशातही प्रजासत्ताक टिकू शकतं, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1752मध्ये मांडलं होतं; या लेखात मात्र त्याचं नाव येत नाही. माँतेस्क्यू, ब्रूटस, 9वा लेख आणि 10वा लेख हे चारही मजकूर याच क्रमाने, शक्यतो लागोपाठ वाचा.

सत्ताविभाजनावर सर्वाधिक चुका होतात. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तिन्ही अंगांचा एकमेकांशी संबंधच नको, असा अर्थ लावला की राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार, तो फिरवणारं दोन तृतीयांश बहुमत, करारांना सिनेटची मंजुरी, यातलं काहीच बसत नाही. फेडरलिस्टचा 47वा लेख सावकाश वाचा. माँतेस्क्यूने नमुना म्हणून घेतलेल्या इंग्लंडमध्येही राजा कायद्याला नकार देऊ शकत होता, याकडे मॅडिसन बोट दाखवतो. एका अंगाची सगळी सत्ता दुसऱ्याच्या हाती जाणं, एवढाच धोका त्याला अभिप्रेत आहे. लॉककडे तर स्वतंत्र न्यायमंडळ सापडतच नाही. त्याची तिसरी सत्ता युद्ध आणि तहाची.

प्रत्येक कलमाला तत्त्वज्ञ शोधत बसू नका. सिनेटमधलं राज्यांचं समान प्रतिनिधित्व 16 जुलै 1787च्या तडजोडीतून आलं, आणि मॅडिसनचा त्याला विरोध होता. राज्याच्या लोकसंख्येत गुलामांची गणती तीन पंचमांश धरणारा आकडाही कुठल्या ग्रंथातला नाही. तो 1783च्या करवाटपाच्या प्रस्तावातून उचलला होता.