गाडी दामटा, पण ऑइल तापल्यावर

जुनी स्पोर्ट्स कार घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: आधीच्या मालकाने दामटली तर नाही ना? इंजिन खोलणं आणि पुन्हा बांधणं हे माझं रोजचं काम, आणि मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. दामटली तेव्हा ऑइल किती तापलेलं होतं, गिअर कुठला होता, आणि ते ऑइल पुढे किती दिवस तसंच ठेवलं, हे विचारायला हवं. रोज रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची वरची हद्द) पाहणारी इंजिनं आतून एकदम स्वच्छ निघालेली मी पाहिली आहेत, आणि कव्हर घालून जपलेल्या गाड्यांच्या बोअरवर (पिस्टन जिथे फिरतो त्या नळकांड्याच्या भिंतीवर) बोट लावलं की अडेल असे ओरखडेही पाहिले आहेत. तेव्हा पुढे जे सांगतोय ते जोरात चालवणाऱ्यांसाठीच आहे.

पहिली पंधरा मिनिटं

डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा मध्यावर आला की इंजिन तापलं असं आपण धरतो. तो काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नाही. कूलंट थोड्या मिनिटांत 90 अंशांच्या आसपास पोचतं. ऑइलला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, थंडीत त्याहून जास्त. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो काटा बराच वेळ मध्यावरच थांबेल असा मुद्दाम बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका.

थंड ऑइल दाट असतं. प्रेशर मीटर भरपूर प्रेशर दाखवतो आणि चालवणाऱ्याला बरं वाटतं, पण ते प्रेशर ऑइल सहज पुढे सरकत नसल्याचं असतं. अशा वेळी फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडू शकतो, म्हणजे न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो गरम झाल्यावर फुगून बोअरमध्ये नीट बसतो. थंड असताना तो सैल असतो, बोअरमध्ये डुलतो. या अवस्थेत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन त्याच दिवशी फुटत नाही, म्हणूनच लोकांना त्यात काही गैर वाटत नाही. झीज साठत जाते.

बीएमडब्ल्यूने ई46 एम3 मध्ये याची सोय मीटरवरच केली होती. आरपीएम (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) मीटरच्या कडेने छोटे दिवे लावलेले. इंजिन थंड असताना वरच्या आरपीएमचे दिवे पेटलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात. सगळे विझेपर्यंत 8000 कडे जायचं नाही, इतकं सरळ. ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी असं करावं:

गाडी सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघा. उभ्या उभ्या दहा मिनिटं तापवू नका, कारण त्यात ऑइल फारसं तापत नाही आणि जादाचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. कूलंटचा काटा मध्यावर येईपर्यंत 3000 आरपीएमच्या आत राहा, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे नको. त्यानंतर आणखी दहा मिनिटं 4000 पर्यंत. ऑइलचं तापमान दिसत असेल तर ते 80 अंश झाल्याशिवाय पूर्ण ॲक्सिलरेटर नाही. मीटर नसेल तर ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायला मेकॅनिक यंत्र लावतो त्या जोडाला) लावायचं छोटं रीडर घ्या. पुष्कळ गाड्या त्यावर ऑइलचं तापमान देतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल तर इंजिनच्याही मागून तापतं, हे विसरलं जातं. थंडीत सकाळी दुसरा गिअर पडायला अडत असेल तर जबरदस्ती करू नका, गिअर जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगचं आयुष्य तिथेच संपतं.

तापल्यावर मात्र हात आखडू नका

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. ऑइल नीट तापून काही वेळ तापलेलं राहिलं तरच ते उडून जातं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून गाडी परत लावणाऱ्याचं ऑइल किलोमीटर कमी असूनही खराब असतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा: पांढरट, चिकट साय जमलेली दिसली तर गाडी जपली गेली आहे, वापरली गेली नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण माझदा आरएक्स-8 चं रोटरी इंजिन. त्यात थोडं ऑइल मुद्दामच ज्वलनकक्षात सोडलेलं असतं, त्यामुळे काजळी धरते. फक्त हळू चालवत राहिलं तर ती एपेक्स सीलच्या (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांच्या) भोवती साचून सील अडकतात. तापल्यावर अधूनमधून 9000 च्या रेडलाइनपर्यंत नेणं हा त्या गाडीच्या देखभालीचाच भाग आहे. त्या गाडीची आणखी एक खोड: थंड सुरू करून चार फूट पुढे घेऊन लगेच बंद केली की पुन्हा सुरू होताना पेट्रोलने भरून बसते. धुवायला बाहेर काढायची असली तरी पूर्ण गरम होऊ द्या.

पोर्शच्या 986 बॉक्स्टर आणि 996 पिढीच्या साध्या 911 च्या इंजिनातलं आयएमएस (मधल्या शाफ्टचं) बेअरिंग बदनाम आहे. ते सीलबंद बॉल बेअरिंग. सील थकलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि बाहेरून ऑइल पुरेसं पोचत नाही. माझं ठाम मत आहे की या गाडीला महिनोन्‌महिने उभं राहणं आणि कमी आरपीएमवर रेंगाळणं सगळ्यात जास्त बाधतं. ती घेतली असेल तर चालवा, आणि ऑइल लवकर बदला.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या नव्या इंजिनांत धोका उलट बाजूने येतो. टॉप गिअर, 1500 आरपीएम, आणि ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर तळाला: यात स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्या एका ठोक्याने पिस्टनची रिंग बसते ती कड तुटलेली मी हातात धरली आहे. चालवणारा सांगत होता, मी कधी तीन हजाराच्या वर नेलीच नाही. जोर हवा असेल तर आधी खालचा गिअर टाका. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल 2020 पासून मिळतं, त्यात याचा विचार केलेला आहे. कंपनीच्या पुस्तकातलं ग्रेड आणि मंजुरी दोन्ही जुळत असेल तर तेच घ्या.

खरा घात कुठे होतो

होंडा एस2000 च्या पहिल्या इंजिनाचा स्ट्रोक 84 मिलिमीटर आणि रेडलाइन 9000. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 25 मीटर, आणि सेकंदात 300 वेळा तो पूर्ण थांबून दिशा बदलतो. कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो: 4000 वरून 8000 गेलात तर चौपट. रेडलाइनपर्यंतचा ताण इंजिन बनवणाऱ्याने हिशोबात धरलेला असतो. रेव्ह लिमिटर तिथे इंधन तोडतो आणि वाचवतो.

चुकीचा गिअर पडला तर लिमिटर वाचवू शकत नाही. पाचव्यातून चौथा टाकायचा आणि दुसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात, इंधन तोडून काय होणार? व्हॉल्व्ह स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटता येत नाहीत, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो किंवा एस2000 मध्ये होतं तसे स्प्रिंग धरून ठेवणारे रिटेनर तडकतात आणि ते पुढे कधीतरी सुटतात. यावर उपाय हाताचा आहे. गिअरची मूठ घट्ट पकडून ओढू नका. तळव्याने हलकं ढकला, न्यूट्रलमध्ये तिला स्वतःची जागा घेऊ द्या, मग पुढे न्या. आणि डाउनशिफ्ट ब्रेकने वेग उतरल्यावर, आधी नाही.

लांब वळणावर जोर धरून राहिलात की ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ड्राय सम्प (ऑइलची वेगळी टाकी) नसलेल्या गाडीने ट्रॅकवर जाताना ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला हवं. मधोमध आहे, चालेल, असं म्हणू नका. ऑइल 130 अंशांच्या पुढे गेलं की दोन फेऱ्या सावकाश काढा. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा; तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटतात.

ब्रेक ऑइलचं थोडक्यात: डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती हद्द 155 पर्यंत घसरू शकते. उकळलं की पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी बदलायचं, ट्रॅकवर जात असाल तर दरवर्षी.

फिल्टर कापून बघा

किलोमीटरवर सर्व्हिसिंग ठरवणं जोरात चालवणाऱ्याच्या कामाचं नाही. ट्रॅकवरचा एक किलोमीटर मी रस्त्यावरच्या दहाएवढा धरतो. आणि दरवेळी ऑइल काढताना जुना फिल्टर फेकायच्या आधी उघडतो. पत्र्याचा असेल तर फिल्टर कटरनेच कापा, करवतीने कापला तर करवतीचाच चुरा आत पडतो. कागदाच्या घड्या सुरीने सोडवून व्हाइसमध्ये दाबा, ऑइल निथळू द्या आणि उन्हात पसरा. काळी काजळी चालेल. लोहचुंबकाला चिकटणारे बारीक केस थोडे असतील तर लक्ष ठेवा. पण चुंबकाला न लागणाऱ्या, चपट्या, चमचमणाऱ्या कपच्या दिसल्या तर गाडी त्या दिवसापासून उभी करा. त्या बेअरिंगच्या असतात.

बेअरिंगची वाटी हातात घेतली की कारण कळतं. वरचा थर मऊ आणि राखाडी असतो, त्याखाली तांब्याचा रंग, त्याखाली पोलाद. राखाडी थर एकसारखा पुसट झाला असेल तर ती वयाची झीज. मधोमध तांबं उघडं पडून लांब रेघा उमटल्या असतील तर ऑइलमधून कचरा गेलाय, किंवा ऑइल पोचलंच नाही. थंड असताना पिळलेल्या इंजिनांत हे वारंवार दिसतं. फिल्टर उघडायचा नसेल तर गरम ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या: शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ येतेय. एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, तीन रिपोर्ट शेजारी ठेवा.

दुसऱ्याची गाडी घेताना

आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन गार हवं, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. मालकाला स्वतः सुरू करू द्या आणि लगेच फिरायला न्यायला सांगा. पहिल्या किलोमीटरला तो काय करतो ते बघा. अनोळखी माणसाला गाडी विकताना जो थंड इंजिन पाच हजारावर नेतो, तो रोज काय करत असेल? पोर्श 911 च्या 997 पिढीपासून कॉम्प्युटरमध्ये ओव्हर-रेव्हची नोंद 6 श्रेणींत असते. खालच्या श्रेणी लिमिटरला लागूनही भरतात. वरच्या श्रेणीतला आकडा चुकीच्या गिअरचा. तो किती तासांवर झाला हेही लिहिलेलं असतं, म्हणून जुना आकडा आणि त्यानंतर शेकडो तास नीट चाललेलं इंजिन पाहून मी घाबरत नाही, अलीकडचा असेल तर सौदा सोडतो.

टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. सात-आठ वर्षांचे टायर आणि भरपूर नक्षी म्हणजे गाडी उभी होती. मग कूलंटचे होज, इंधनाच्या नळ्या, ब्रेक ऑइल सगळं उभ्या गाडीचं समजून बदला, आणि पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा काढून फिल्टर कापा. तो स्वच्छ निघाला की मगच रेडलाइन.